परिपाठातला दिनविशेष: १ ऑगस्टचं पान उघडून सांगतो

प्रश्न थोडक्यात असा: जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला शिकवणाऱ्या एका ताईंना रोज परिपाठात दिनविशेष सांगावा लागतो. मोबाइलवर येणाऱ्या याद्यांत एकाच माणसाच्या दोन-दोन जन्मतारखा सापडतात, शिवजयंतीचं कोडं दरवर्षी निघतं आणि एकेका दिवसाला तीस-तीस नोंदी असतात. त्यातलं खरं काय मानायचं आणि मुलांना सांगायचं काय?

ताई, एका जिल्हा दैनिकात मी ३२ वर्षं दिनविशेषाचा चौकोन सांभाळला. आतल्या पानाच्या कोपऱ्यातली जेमतेम १२ ओळींची जागा, पण अनेक घरांत सकाळी आधी तीच वाचली जायची आणि चूक झाली की दहाच्या आत ऑफिसचा फोन वाजायचा. तुम्हाला नुसते नियम सांगण्यापेक्षा एकच तारीख घेऊन तिचं पान उघडून दाखवतो. तारीख घेतो १ ऑगस्ट.

१९२० सालचा १ ऑगस्ट. रविवार. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात लोकमान्य टिळक आजारी होते. वय ६४, नुकतंच २३ जुलैला पूर्ण झालेलं. मध्यरात्र उलटल्यावर त्यांचा प्राण गेला. सकाळ होईपर्यंत बातमी शहरभर पसरली आणि सरदारगृहासमोर माणसांचा समुद्र लोटला. पद्मासनात बसवलेल्या अवस्थेत त्यांची अंत्ययात्रा निघाली आणि गिरगाव चौपाटीवर, जिथे एरवी अंत्यसंस्कार होत नसत, तिथे त्यांना अग्नी दिला गेला. आज तिथे त्यांचा पुतळा आहे.

आता या नोंदीतला बारकावा पाहा. मृत्यू मध्यरात्रीनंतरचा आहे. आपल्याकडे जुन्या माणसांच्या लेखी दिवस सूर्योदयाला बदलतो, त्यामुळे त्या पिढीतलं कुणी '३१ जुलैच्या रात्री लोकमान्य गेले' असं म्हणत असेल, तर ते खोटं बोलत नसे. घड्याळाची तारीख मात्र १ ऑगस्टच. मध्यरात्र ते सूर्योदय या वेळात घडलेली गोष्ट दोन तारखांवर सापडू शकते, हे एकदा लक्षात घेतलंत की याद्यांमधला निम्मा गोंधळ तिथेच सुटतो. टिळकांच्याच आयुष्यातलं दुसरं उदाहरण आहे. १९०८ सालच्या राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, ती २२ जुलैच्या रात्री. उजाडला तो २३ जुलै, म्हणजे त्यांचा जन्मदिवस, आणि त्याच दिवसापासून मुंबईच्या गिरणी कामगारांनी वर्षाला एक दिवस या हिशेबाने सहा दिवसांचा संप सुरू केला. निकाल आणि संप अशा दोन नोंदी दोन पानांवर जातात, पण त्या सांगायच्या एकत्र.

पुन्हा १ ऑगस्ट १९२० कडे येऊ. त्याच दिवशी असहकाराची चळवळ सुरू झाली. दिवस आधीच ठरलेला होता, टिळकांच्या निधनाशी त्याचा संबंध नव्हता. गांधीजी मुंबईतच होते आणि लोकमान्यांच्या अंत्ययात्रेत सामील झाले होते. त्याच तारखेच्या पत्राने त्यांनी व्हाइसरॉयकडे आपलं कैसर-ए-हिंद सुवर्णपदक परत पाठवलं, सोबत बोअर आणि झुलू युद्धांतल्या सेवेची पदकंही. याद्यांमध्ये इथे हमखास एक चूक असते: 'काँग्रेसने असहकार आंदोलन सुरू केले.' काँग्रेसने असहकाराचा ठराव केला तो सप्टेंबरमध्ये, कलकत्त्याच्या खास अधिवेशनात, आणि त्यावर शिक्कामोर्तब झालं डिसेंबरमध्ये नागपूरला. १ ऑगस्टची सुरुवात गांधीजी आणि खिलाफत चळवळीची. सातवीच्या मुलांना एवढं खोलात सांगायची गरज नाही, पण वाक्य लिहिताना 'गांधीजींनी' लिहायचं, 'काँग्रेसने' नाही.

आणि त्याच १ ऑगस्ट १९२० ला, तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात आणि आताच्या सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यातल्या वाटेगावच्या मांगवाड्यात भाऊराव आणि वालुबाई साठे यांच्या घरी एक मुलगा जन्मला. नाव ठेवलं तुकाराम. आपण त्यांना अण्णा भाऊ म्हणून ओळखतो. ज्यांचं शाळेतलं शिक्षण दीड दिवसाचं म्हणून सांगितलं जातं, जे दुष्काळाच्या दिवसांत आईवडिलांबरोबर वाटेगावहून मुंबईपर्यंत चालत गेले, गिरणीत राबले, लाल बावटा कलापथक घेऊन संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गावोगाव फिरले आणि ज्यांच्या 'फकिरा'ला १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला, ते अण्णा भाऊ साठे.

ताई, हे तिन्ही एकाच रविवारी घडलं. एक मोठा नेता गेला, एक मोठी चळवळ उभी राहिली आणि गावकुसाबाहेरच्या एका झोपडीत असं मूल जन्मलं की ज्याची त्या दिवशी वर्तमानपत्रात ओळही येणं शक्य नव्हतं. मला या पानाचं एवढं अप्रूप आहे ते याचसाठी. तीस नोंदींची यादी वाचून मुलांच्या हाती काही लागत नाही. एकाच दिवसाच्या तीन टोकांवरची तीन माणसं दाखवलीत, की 'त्या दिवशी आपल्या गावात काय चाललं असेल?' हा प्रश्न मुलं आपणहून विचारतात. माझ्या ओळखीच्या एका शाळेत मुलांनी तो खरंच विचारला आणि त्यांचे गुरुजी त्यांना घेऊन गावातल्या सर्वांत वृद्ध आजींकडे गेले. दिनविशेषाचा यापेक्षा चांगला उपयोग मी पाहिलेला नाही.

याच तारखेच्या इतर नोंदींपैकी मी काय ठेवतो, ते सांगतो. विज्ञानाच्या तासाला जोडायची असेल तर १ ऑगस्ट १७७४. इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टली यांनी मोठ्या भिंगाने सूर्याची किरणं एकवटून पाऱ्याच्या लाल भस्मावर सोडली आणि त्यातून निघणाऱ्या वायूत मेणबत्ती भडकून जळताना पाहिली. तो ऑक्सिजन. हे नाव त्यांनी दिलेलं नाही, ते दिलं लाव्हाझिए यांनी, आणि स्वीडनच्या शील यांनी हा वायू आधीच मिळवला होता, फक्त छापून उशिरा आलं. म्हणून 'ऑक्सिजनचा पहिला शोध' असं लिहू नका. 'प्रीस्टली यांनी हा प्रयोग केला' एवढं लिहिलं की वाक्य पक्कं.

१ ऑगस्ट १९४४ ला वॉर्सा शहरात जर्मन सैन्याविरुद्ध उठाव झाला, संध्याकाळी पाचला. तो ६३ दिवस चालला. अजूनही दर १ ऑगस्टला पाच वाजता तिथे भोंगे वाजतात आणि रस्त्यावरची माणसं जागच्या जागी उभी राहतात. ही नोंद मी कोल्हापूर भागातल्या शिक्षकांना आवर्जून द्यायचो. कारण वॉर्सा पेटलं होतं, त्या वेळी कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत सुमारे ५ हजार पोलिश निर्वासित राहत होते, त्यात मुलं खूप. १९४३ ते १९४८ ही छावणी होती. आपल्या देशाची राजधानी जळत असल्याच्या बातम्या त्यांनी पंचगंगेकाठच्या पावसात ऐकल्या असतील. दूरची तारीख अशी जवळ येते.

क्रिकेटप्रेमी मुलांसाठी सर फ्रँक वॉरेल, जन्म १ ऑगस्ट १९२४, बार्बाडोस. १९६२ साली तिथेच आपले कप्तान नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला चेंडू लागला आणि जीव धोक्यात आला, तेव्हा त्यांच्यासाठी रक्त देणाऱ्यांत प्रतिस्पर्धी संघाचे कप्तान वॉरेल होते. धावांचे आकडे सोडून द्या, एवढंच सांगा. सिनेमात भगवान दादा, जन्म १९१३. शिवाय १ ऑगस्टला राज्यात महसूल दिन असतो, कारण महसुली वर्ष या दिवशी सुरू होऊन ३१ जुलैला संपतं. तलाठ्याचं ऑफिस गावातच असतं, मुलांना ते माहीत असतं.

एक नोंद मात्र तारीख म्हणजे काय हे समजावण्यासाठी ठेवा. स्वित्झर्लंडचा राष्ट्रीय दिन १ ऑगस्ट, सन १२९१ च्या करारावरून. त्या मूळ करारावर 'ऑगस्टच्या आरंभी' एवढंच लिहिलेलं आहे, दिवस नाही. १ तारीख नंतर ठरवली गेली. म्हणजे एखाद्या तारखेमागे कागद असतो, एखादीमागे कागदाचा अंदाज असतो आणि एखादीमागे नुसता लोकांचा निर्णय असतो. तिन्ही चालतात, पण आपल्या हातातली कुठल्या जातीची आहे हे माहीत हवं.

मला हे एका चुकीतून कळलं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी घाईत मी मागच्या वर्षीच्या कात्रणावरून एका स्थानिक समाजसेवकांची 'जयंती' छापली. दुपारी त्यांच्या घरच्या एक म्हाताऱ्या बाई ऑफिसात आल्या. रागावल्या नाहीत. पिशवीतून त्यांचा चौकटीतला फोटो काढून उलटा केला. मागच्या पुठ्ठ्यावर निळ्या शाईत गेल्याची तारीख, वार आणि तिथी लिहिलेली होती. 'आज त्यांचं श्राद्ध असतं, आणि तुम्ही वाढदिवस केलात,' म्हणाल्या. ती चौकट आणि तो पुठ्ठा मला आजही डोळ्यांसमोर दिसतो. त्या दिवसापासून मी ३६६ पानांची वही केली. दर पानावर नोंद, साल आणि ती कुठून घेतली ते लिहायचं. सुरुवातीला पेन्सिलने. एकमेकांवरून न उतरवलेल्या दोन ठिकाणी तीच तारीख मिळाली की मगच शाईने. मोबाइलवरच्या दहा याद्या म्हणजे दहा पुरावे नव्हेत. त्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात, दहाहीमध्ये शुद्धलेखनाची तीच चूक दिसली की समजायचं.

३६६ वं पान २९ फेब्रुवारीचं. मोरारजी देसाई त्या दिवशी १८९६ साली जन्मले, आणि १९०० हे लीप वर्ष नसल्याने त्यांच्या जन्मतारखेचा दिवस पुन्हा उगवला तो थेट १९०४ साली. मुलांना हे गणित फार आवडतं.

आता तुमच्या शिवजयंतीच्या कोड्याकडे. इथे जरा सावकाश वाचा. शिवाजी महाराजांच्या जन्माची जुनी समजूत होती वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९. पुढे जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची शकवार नोंदींची जुनी यादी, उजेडात आली. ती १९१६ साली लोकमान्य टिळकांनीच प्रसिद्ध केली. तिच्यात नोंद आहे शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार. महाराजांच्याच काळातले कवी परमानंद यांच्या शिवभारत या काव्यालाही हीच तिथी मान्य आहे. शासनाने स्वीकारलेली १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख तिथूनच येते.

पण शकाचं सन करताना बहुतेकांचा पाय इथेच घसरतो. शकात ७८ मिळवायचे हे सगळ्यांना पाठ असतं. १५५१ अधिक ७८ म्हणजे १६२९. चूक! फाल्गुन हा शकाचा शेवटचा महिना, तोवर इंग्रजी वर्ष बदललेलं असतं. १ जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या तिथींना ७९ मिळवायचे, पाडव्यानंतर डिसेंबरअखेरपर्यंत ७८. म्हणून १६३०.

पुढचा टप्पा वाराचा, आणि पडताळ्यासाठी वारासारखं दुसरं साधन नाही. मोबाइलच्या दिनदर्शिकेत तुम्ही १९ फेब्रुवारी १६३० पर्यंत मागे जाऊ शकलात, तर मंगळवार दिसेल. शकावली म्हणते शुक्रवार. मग शकावली चुकली का? नाही. त्या काळी इंग्रज जुनं ज्युलियन पंचांग वापरत होते आणि आपल्या इतिहासकारांनी त्या काळासाठी तीच तारीख धरली. मोबाइल आजचं ग्रेगोरियन पंचांग मागे ताणतो. सतराव्या शतकात दोहोंत १० दिवसांचा फरक होता. त्या हिशेबाने जन्मदिवस येतो १ मार्च १६३०, आणि मोबाइलवर १ मार्च १६३० पाहिलंत तर वार शुक्रवारच निघतो. मी पहिल्यांदा हे जुळवून पाहिलं, तेव्हा रात्री अकरा वाजता एकटाच टेबलाशी बसून कितीतरी वेळ त्या शुक्रवाराकडे पाहत होतो. तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेला वार अचूक होता.

राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीखही याच जुन्या मोजणीतली. इंग्रजांनी नवं पंचांग घेतलं ते १७५२ साली, तेव्हा २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर आला. पोर्तुगीजांनी मात्र १५८२ मध्येच ते स्वीकारलं होतं. म्हणून महाराजांच्या काळातली एकच घटना सुरतेच्या इंग्रजी पत्रात एका तारखेला आणि गोव्याच्या पोर्तुगीज कागदात १० दिवस पुढच्या तारखेला दिसते. गोव्यातले वाचक मला यावरून पत्रं लिहायचे आणि बरोबर असायचे. आणखी एक: आपले महिने अमावास्येला संपतात, उत्तरेत पौर्णिमेला. आपली फाल्गुन वद्य तृतीया तिकडच्या पंचांगात चैत्र कृष्ण तृतीया असते. तिथीने जयंती करणारे आणि तारखेने करणारे, दोघांकडेही आधार आहे. मुलांना दोन्ही सांगा, भांडण लावू नका.

काही चुका दरवर्षी त्याच दिवशी फिरतात, त्या आधीच वहीत लिहून ठेवा. १४ फेब्रुवारीला 'आज भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांना फाशी दिली' असा संदेश येतो. फाशी झाली २३ मार्च १९३१ ला, लाहोरमध्ये, संध्याकाळी. राजगुरू आपल्या खेडचे, निदान आपल्याकडे तरी ही तारीख चुकू नये. २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिन, मराठी भाषा गौरव दिन. त्या दिवशी 'राजभाषा दिन' म्हणून शुभेच्छा दिल्या जातात, तो असतो १ मे ला. आणि शब्द जपून वापरा: जयंती आणि पुण्यतिथी गेलेल्या माणसांची, हयात माणसाचा वाढदिवस. बाबासाहेबांच्या ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिन म्हणायचं.

कितवी जयंती, यावरही वाद होतो. चालू सालातून जन्मसाल वजा करा, येईल तेवढी वर्षं पूर्ण. अण्णा भाऊंना १ ऑगस्ट २०२० ला शंभर वर्षं पूर्ण झाली, म्हणून त्यांचं जन्मशताब्दी वर्ष त्याआधीच्या १ ऑगस्टला सुरू झालं होतं. त्याच दिवशी लोकमान्यांच्या निधनालाही शंभर वर्षं झाली.

थोर माणसांचे वाढदिवस एकाच दिवशी आले की लोकांना त्यात काही दैवी दिसतं. १२ डिसेंबरला शरद पवार (१९४०), गोपीनाथ मुंडे (१९४९) आणि रजनीकांत (१९५०). यात गणितच आहे. खोलीत २३ माणसं असली की कुणातरी दोघांची जन्मतारीख जुळण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होते. तुमच्या वर्गात ४० मुलं असतील, तर ती ८९ टक्क्यांच्या आसपास जाते. परिपाठातच करून पाहा. मात्र हाच प्रयोग शाळेच्या जुन्या दाखल-खारीज रजिस्टरवर केलात, तर पानंच्या पानं १ जून सापडेल. जन्माची नोंद नसलेल्या मुलाला दाखल करताना गुरुजी शाळा उघडण्याच्या सुमाराची तारीख टाकून सहा वर्षं पूर्ण करत. त्या पिढीतल्या कुणाच्याही १ जून या तारखेपुढे माझ्या वहीत पेन्सिलच राहिली.

तुमच्यासाठी १ ऑगस्टचा मजकूर मी असा लिहीन, मोठ्याने वाचून एका मिनिटात संपेल एवढा: 'आज १ ऑगस्ट. १९२० साली आजच्या दिवशी रविवार होता. मध्यरात्रीनंतर मुंबईत सरदारगृहात लोकमान्य टिळकांचं निधन झालं. त्याच दिवशी गांधीजींनी आपली पदकं सरकारला परत केली आणि असहकार सुरू झाला. त्याच दिवशी वाटेगावात वालुबाई आणि भाऊराव साठे यांच्या घरी तुकाराम जन्मला. शाळा त्याला जेमतेम दीड दिवस मिळाली. पुढे त्याने अण्णा भाऊ साठे या नावाने लिहिलेलं आपण आज शाळेत वाचतो. त्याआधी १७७४ साली याच तारखेला प्रीस्टली यांनी भिंगातून ऊन पाडून पाऱ्याच्या भस्मातून ऑक्सिजन मिळवला.'

शेवटची नोंद मुद्दाम ठेवली आहे. दुसऱ्या दिवशी, २ ऑगस्टला, आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांची जयंती, जन्म १८६१. हे बंगालचे रसायनशास्त्रज्ञ जगाला माहीत झाले ते पाऱ्याच्याच एका संयुगामुळे, मर्क्युरस नायट्राइटमुळे. आदल्या दिवशीचं पाऱ्याचं भस्म मुलांच्या लक्षात असेल, तिथूनच धागा उचला.